काढलेला खुबा आणि नामंजूर झालेला प्रस्ताव : परत मागवलेल्या इम्प्लांटचं एक प्रकरण

हे प्रकरण साताऱ्याकडच्या एका जिल्हा परिषद शिक्षिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणायचे, इथेही तेच म्हणतो. मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये बरीच वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर रुग्णांना कागदपत्रं मिळवून देण्याचं काम करतो. बाईंचा मुलगा त्याच कामासाठी माझ्याकडे आला होता. त्यांच्या प्रकरणात औषधोपचार आणि कायदा एकमेकांत इतके गुंतले होते की एकीकडचा निर्णय दुसरीकडे नडत होता. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

बाईंना दम्यासाठी अनेक वर्षं स्टेरॉइड चालू होती. त्यातून उजव्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात, गावाकडे ‘गोळा सुकला’ म्हणतात. 2008 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, पुण्याच्या एका खासगी रुग्णालयात खुबा बदलला. खर्च अडीच लाखांच्या वर गेला. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, थोडं माहेरून आलं. ‘तरुण आहात, धातूवर धातूचा सांधा टाकू, जास्त टिकेल,’ असं त्यांना सांगितलं गेलं होतं. त्या काळी हा समज सर्रास होता. प्लास्टिकची वाटी झिजते, धातू झिजत नाही, म्हणून कमी वयाच्या रुग्णाला मेटल-ऑन-मेटल.

बाईंच्या खुब्यात बसवलेला सांधा एएसआर प्रकारचा, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने बनवलेला आणि पुढे परत मागवलेला होता, हे कुटुंबाला दहा वर्षांनी कळलं.

या सांध्याची वाटी आणि गोळा दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे. वाटी पूर्ण अर्धगोलापेक्षा उथळ होती. अशी वाटी थोडी जरी तिरकी बसली तरी गोळ्याचा भार तिच्या कडेवर येतो, मधला वंगणाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. त्यातून अतिसूक्ष्म कण सुटतात, आजूबाजूच्या मांसात साठतात, आणि कोबाल्ट व क्रोमियमचे आयन रक्तात उतरतात. लहान मापाच्या सांध्यांत, म्हणजे बहुतेक वेळा बायकांमध्ये, हा धोका जास्त. ऑस्ट्रेलियात हा सांधा 2009 च्या डिसेंबरात बाजारातून काढला गेला. इंग्लंड आणि वेल्सच्या सांधे-नोंदणीत पाच वर्षांच्या आत साधारण 12 ते 13 टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागल्याचं दिसलं, आणि 24 ऑगस्ट 2010 रोजी तो जगभरातून परत मागवला गेला. तोवर जगात सुमारे 93,000 आणि भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

परत मागवणं हा शब्द इथे फसवा आहे. दुकानातल्या फडताळावरची खोकी परत जातात. माणसाच्या मांडीत बसलेला सांधा परत मागवायचा तर आधी तो माणूस सापडावा लागतो. भारतातले हजारो रुग्ण सापडलेच नाहीत. रुग्णालयाकडे पत्ता जुना, फोन बदललेला, कुठे नोंदच नाही. बाईंना 2010 मध्ये पत्र आलं नाही, फोनही नाही. त्या दरम्यान बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात राहायला गेल्या होत्या.

प्रश्न काय होता

2012 पासून बाईंची जांघ दुखायची. वर्गात फळ्यापाशी उभं राहिलं की दुखायचं, बसलं की थांबायचं. एका डॉक्टरांनी कंबरेचं निदान केलं, मग फिजिओथेरपी झाली. एक्स-रे तीनदा काढला आणि तिन्ही वेळा ‘सांधा जागेवर आहे’ असंच उत्तर आलं. ते खोटं नव्हतं, सांधा खरोखरच जागेवर होता. धातूच्या कणांनी मांसाचं केलेलं नुकसान साध्या एक्स-रेत दिसत नाही.

2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात वर्तमानपत्रांत या सांध्याबद्दल बातम्या येऊ लागल्या. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल तेव्हा उघड झाला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने महेश झगडे आयुक्त असताना पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची आठवणही त्या निमित्ताने निघाली. मुलाने बातमी वाचली आणि विचारलं, “आई, तुझा सांधा कुठल्या कंपनीचा?”

बाईंना माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘टोटल हिप रिप्लेसमेंट, अनसिमेंटेड, मेटल ऑन मेटल’ एवढंच होतं.

कागदाचा शोध

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चिकटपट्टीचे स्टिकर असतात. त्यावर नाव, कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स एक स्टिकर ओटी नोट्सवर लावते, एक बिलावर जातो. सांध्याची जन्मपत्रिका तीच. त्या स्टिकरशिवाय ‘माझा सांधा एएसआर आहे’ हे म्हणणं कुठल्याही समितीपुढे टिकत नाही.

मुलगा पुण्याच्या रुग्णालयात गेला. जुनी रेकॉर्ड नष्ट केली, असं तोंडी उत्तर मिळालं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितली तर 72 तासांत द्यायची आहेत. दहा वर्षांनी गेलात तर नियम तुमच्या बाजूने उभा राहत नाही. कायमस्वरूपी शरीरात राहणाऱ्या वस्तूचा कागद फक्त तीन वर्षं जपायचा, हे मला नोकरीत असतानाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

तरी मी त्याला रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यायला लावली. ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ हे लेखी मिळालं तर तोही पुरावाच असतो. मग मी बाईंना विचारलं, “ऑपरेशनची मूळ बिलं कुणाकुणाला दिली होती?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “प्रतिपूर्तीला लावली होती. पण तो प्रस्ताव नामंजूर झाला.”

जिल्हा परिषदेचे शिक्षक वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव पंचायत समितीमार्फत पाठवतात, मूळ बिलं जोडून. बाईंचा प्रस्ताव त्रुटी लागून फेटाळला गेला होता आणि त्यांनी तो विषय सोडून दिला होता. पण नामंजूर प्रस्तावसुद्धा आवक-जावक नोंदवहीत चढतो आणि त्याची नस्ती कुठेतरी असते. शिक्षण विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. तिसाव्या दिवसाच्या अलीकडे पलीकडे उत्तर आलं, आणि नस्तीतल्या वितरकाच्या बिलावर दोन स्टिकर जसेच्या तसे. वाटीचा एक, गोळ्याचा एक. तो दिवस नोव्हेंबर 2018 मधला. प्रमाणित प्रत हातात घेतल्यावर बाई म्हणाल्या, “तेव्हा त्या नामंजुरीसाठी मी रडले होते.”

समोर असलेले पर्याय

वैद्यकीय बाजूला आधी तपासणी. रक्तातल्या कोबाल्ट आणि क्रोमियमसाठी खास नळी लागते, साध्या नळीतल्या धातूच्या अंशाने आकडा बिघडतो. ब्रिटनच्या औषध-उपकरण नियामकाने 2010 मध्ये ठरवलेली 7 पीपीबी, म्हणजे लिटरमागे 7 मायक्रोग्रॅम, ही सावधानतेची रेषा जगभर वापरली जाते. बाईंचा कोबाल्ट 16 आणि क्रोमियम 9 आला. मूत्रपिंडाचं काम ठीक होतं. हे पाहणं आवश्यक असतं, कारण हे धातू मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. नेहमीचा एमआरआय धातूच्या सावलीमुळे उपयोगाचा नसतो. ती सावली कमी करणारी मार्स नावाची पद्धत लागते. त्यात सांध्याभोवती पाण्याची मोठी पिशवी आणि आतमध्ये घट्ट भाग दिसला. त्याला स्यूडोट्यूमर म्हणतात. हा कर्करोग नाही, पण तो स्नायू खात जातो.

एक पर्याय तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून वाट पाहण्याचा होता. आकडा थोडा वाढलेला आणि एमआरआय स्वच्छ असेल तर हा पर्याय वाजवी असतो. दुसरा, लगेच रिव्हिजन, म्हणजे जुना सांधा काढून नवा बसवण्याची शस्त्रक्रिया. नव्या सर्जननी दुसराच सांगितला. बाई म्हणाल्या, “पण आता तर मागच्या वर्षीपेक्षा कमी दुखतं.” डॉक्टर म्हणाले, “बाई, दुखण्यावर जाऊ नका. स्नायू गेला की सांधा नवा टाकून उपयोग होत नाही.”

कायद्याच्या बाजूला चार वाटा होत्या आणि त्या एकसारख्या नव्हत्या.

पहिली, कंपनीने परत मागवताना जाहीर केलेली खर्चाच्या परताव्याची योजना : तपासण्या आणि रिव्हिजनचा खर्च. हा झालेला खर्च परत, भोगलेल्याची भरपाई नव्हे.

दुसरी, सरकारी समिती. अग्रवाल समितीने किमान 20 लाखांची शिफारस केली होती. पुढे डॉ. आर. के. आर्य यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय समितीने सूत्र ठरवलं आणि नोव्हेंबर 2018 च्या अखेरीस आरोग्य मंत्रालयाने ते मान्य केलं. 20 लाख ही मूळ रक्कम, गुणिले जोखमीचा गुणक, गुणिले वयाचा गुणक, भागिले 99.37, अधिक 10 लाख यातना व त्रासापोटी. 99.37 हा आकडा कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातला 65 वर्षांच्या माणसाचा गुणक आहे, म्हणजे वय जितकं कमी तितकी रक्कम जास्त. एकूण टप्पा 30 लाख ते 1.23 कोटी. अर्ज राज्यस्तरीय समितीकडे करायचा होता. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना नोंदवून घेत तिची प्रसिद्धी करायला सांगितलं.

तिसरी, ग्राहक न्यायालय. तिथे मुदत दोन वर्षांची. दोन वर्षं कधीपासून मोजायची? 2008 पासून, 2010 पासून, की कळलं त्या दिवसापासून? सगळं प्रकरण या एका प्रश्नावर पडू शकतं.

चौथी वाट परदेशातल्या दाव्याची, जिच्याबद्दल मुलगा सतत विचारायचा. नोव्हेंबर 2013 मध्ये अमेरिकेत सुमारे 8,000 रुग्णांसाठी सुमारे 2.5 अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली होती. ती तिथल्या रुग्णांसाठी होती. पुण्यात शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना तिथे जागा नव्हती. हे स्पष्ट सांगून तो विषय बंद केला. आशेवर वर्ष घालवण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात अवघड वळण

डिसेंबरात सर्जननी तारीख द्यायला सांगितली. त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने सल्ला दिला : समितीची तपासणी होईपर्यंत ऑपरेशन करू नका. सांधा काढला की पुरावा गेला, नवा सांधा बसला की ‘आता चालता की तुम्ही’ म्हणून अपंगत्वाचे टक्के कमी लागतील.

हा सल्ला वेडगळ नव्हता, म्हणूनच धोक्याचा होता. कुटुंब जवळजवळ सात आठवडे थांबलं. घरात वाद झाले. मुलाला वाटायचं, आईने इतकं सोसलं त्याचं मोल तरी मिळावं. बाईंना स्वतःला एप्रिलच्या परीक्षा उरकून उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन करायचं होतं. माझ्याकडे आले तेव्हा मी एकच विचारलं, की पुरावा जपायला सांधा आतच ठेवावा लागतो असं कुणी सांगितलं? काढलेला सांधासुद्धा पुरावा असतो, नीट काढून नीट ठेवला तर. उलट मांसात गेलेले कण, खाल्लेला स्नायू हे ऑपरेशनच्या टेबलावरच दिसतं आणि तेव्हाच नोंदवता येतं.

काय केलं

शस्त्रक्रिया फेब्रुवारी 2019 च्या मध्यात झाली. त्याआधी सर्जनना लेखी पत्र दिलं. काढलेले भाग जंतुमुक्त करून मोहोरबंद पाकिटात रुग्णाकडे द्यावेत, त्यांवर कोरलेले क्रमांक ओटी नोट्समध्ये लिहावेत, छायाचित्रं काढावीत, ऊतींचा नमुना हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवावा. हे आधी मागावं लागतं. ऑपरेशननंतर विचारायला गेलात तर काढलेला धातू जैववैद्यकीय कचऱ्यात गेलेला असतो. सर्जननी सगळं केलं. नव्या सांध्याचे स्टिकर तर त्यांनी बाईंच्या हातातल्या वहीवर स्वतः चिकटवले.

आत करड्या-काळ्या रंगाचा गाळ निघाला. मांडीतली दांडी हाडात घट्ट होती, ती ठेवली. तिच्यावर टायटॅनियमच्या बाहीसह सिरॅमिकचा गोळा बसवला, वाटी बदलून आत पॉलिथिलीनचा अस्तर-भाग आला. पाय बाजूला उचलणाऱ्या स्नायूचा बराच भाग मात्र गेलेला होता.

त्यानंतर कागदांची फेरी. खर्चाच्या परताव्याचा अर्ज केला. सही करण्याआधी वकिलांना दाखवून, ‘हा केवळ खर्चाचा परतावा असून नुकसानभरपाईचे सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारत आहे’ असं सोबतच्या पत्रात लिहिलं. कागद पूर्ण असल्यामुळे तपासण्या आणि ऑपरेशनचा खर्च मिळाला. राज्य समितीकडे अर्ज गेला, बाईंची तपासणी झाली, स्टिकर ग्राह्य धरला गेला.

पण सूत्राप्रमाणे रक्कम देण्याचा प्रश्न तोवर दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. मे 2019 मध्ये कंपनीने तिथे पडताळणी झालेल्या, रिव्हिजन झालेल्या 67 रुग्णांना प्रत्येकी 25 लाख देण्याची तयारी दाखवली, जबाबदारी मान्य न करता. बाई त्या यादीत नव्हत्या, त्यांची पडताळणी नंतरची.

म्हणून ऑक्टोबर 2020 मध्ये ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. माहितीच्या अधिकारातलं उत्तर मिळालं तो नोव्हेंबर 2018 चा दिवस ‘कळलं तो दिवस’ धरला, तर दोन वर्षं पुरी व्हायला काही आठवडेच उरले होते. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 पासून मुदती थांबवल्या होत्या, पण त्या सवलतीवर विसंबायचं नाही असं वकिलांनी ठरवलं. विलंब माफीचा अर्ज सोबत जोडला. एक गोष्ट नशिबाने साधली. 20 जुलै 2020 पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला होता. जुन्या कायद्यात मागितलेल्या भरपाईवरून न्यायालय ठरायचं, त्यामुळे मुंबईला राज्य आयोगात जावं लागलं असतं. नव्या कायद्यात दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं आणि तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. बाईंनी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत, म्हणून स्वतःच्या जिल्ह्यात, विनाशुल्क.

निष्पत्ती

कोबाल्ट सहा महिन्यांत 2 च्या खाली आला. जांघेतलं दुखणं गेलं. लंगडणं राहिलं. स्नायू परत येत नाही, लांब चालायचं तर काठी लागते. जुलै 2019 मध्ये सांधा एकदा निखळला, भूल देऊन बसवावा लागला. त्यानंतर निखळलेला नाही.

भरपाईची अंतिम रक्कम अजून मिळालेली नाही. आयोगातलं प्रकरण चालू आहे. 2010 मध्ये जाहीर सूचना निघाली तेव्हापासून मुदत मोजावी, असं समोरच्या बाजूचं म्हणणं आहे. ज्या बाईला पत्रच आलं नाही तिने इंग्रजी सूचनेवरून आपल्या मांडीतल्या सांध्याचं नाव ओळखावं, अशी अपेक्षा मला अमानुष वाटते. निर्णय आयोगाने द्यायचा आहे.

प्रत्यक्षात आधी उपयोगी पडलं ते अपंगत्वाचं प्रमाणपत्र. चाळीस टक्क्यांच्या वर टक्के लागल्याने बाई बदल्यांत विशेष संवर्गात आल्या आणि डोंगरातल्या शाळेवर जाण्याची वेळ टळली. त्यासाठी त्यांना कुणी सल्ला दिला नव्हता, शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

रक्ततपासणीसाठी स्टिकर सापडेपर्यंत थांबलो, ही चूक, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘मेटल ऑन मेटल’ लिहिलेलं होतं. कुठल्याही धातूवर-धातू सांध्याला रक्त तपासायला तेवढं पुरेसं होतं. मी कागदाच्या मागे लागलो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर गेले.

डिसेंबर ते फेब्रुवारीचे सात आठवडे दुसरी चूक. एवढ्यात स्नायू किती गेला हे कुणी सांगू शकत नाही. सर्जनना मी विचारलं तर ते म्हणाले, “सहा वर्षांचं नुकसान आहे ते, सात आठवड्यांचं नाही.” तरी बाई काठी घेऊन उठतात तेव्हा मला ते आठवडे आठवतात.

2008 च्या रुग्णालयाला तक्रारीत पक्षकार केलं नाही. जुन्या सर्जनची साक्ष लागेल, त्यांना दुखवू नये, असा विचार होता. सर्जनपुरता तो बरोबर होता, त्यांनी 2008 मध्ये त्या काळच्या समजुतीप्रमाणे सांधा निवडला. पण 2010 नंतर रुग्णाला शोधून सांगण्याची जबाबदारी रुग्णालयाचीही होती, आणि तो मुद्दा आता आयोगापुढे कुणावर नीट ठेवताच येत नाही. वकील अजूनही माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते प्रतिपक्ष वाढले की तारखा वाढतात.

एक गोष्ट 2008 मध्येच झाली असती तर बाकीचं बरंच टळलं असतं. घरी जाताना बाईंनी ‘स्टिकरची एक प्रत मला द्या’ एवढं म्हणायला हवं होतं. त्यांना ते कुणी सांगितलं नाही. आता माझ्याकडे सांधा बदलायला निघालेलं कुणी आलं, गुडघा असो की खुबा, तर मी आधी एक कोरी वही देतो आणि डॉक्टरांकडून पहिल्या पानावर स्टिकर लावून आणायला सांगतो.

बाईंचा काढलेला सांधा वकिलांच्या कपाटात मोहोरबंद पाकिटात आहे. वाटीच्या कडेवर एका बाजूला झिजेचा चकचकीत पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पुढच्या तारखेला तो आयोगासमोर सादर होईल.